मास्तरांची पाठ

हुबळीच्या दाजीबानपेठेत अंबूताईंच्या जिभेचा मार खाल्ला नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे व्यायामशाळेचे प्रभंजन मास्तर. अंबूताई दुकानात शिरल्या की कापडवाला गज नीट धरायचा. दूधवाला त्यांच्या दारात यायच्या आधी देवाचं नाव घ्यायचा. खुद्द त्यांचा धाकटा भाऊ शेषगिरी, लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत पोरांना छडीने सरळ करणारा, घरी येताना जिन्यातच दोनदा खाकरायचा. पण मास्तरांचं नाव निघालं की अंबूताई म्हणायच्या, "माणूस असावा तर असा. बाईमाणसाकडे वर तोंड करून बघायचा नाही."

त्यांच्या लेखी याहून मोठी पदवी नव्हती. परकर नेसायच्या वयात लग्न झालं आणि परकर सुटायच्या आत कुंकू पुसून त्या माहेरी आल्या. शाळा कशी ती माहीत नाही. भाऊ पाटी गिरवायचा आणि ह्या समोर बसून भाजी निवडायच्या, तेवढ्यात अक्षरं डोळ्यांत शिरली, तीही उलटी. अजून पोथी उलटी धरली तर भराभर वाचता येई, सुलटी धरली की अडायला होई. पुढे भावजय बाळंतपणात गेली आणि तिची हेमावती अंबूताईंच्या पदरात पडली. कापडदुकानावरच्या त्या तीन खोल्यांत तेव्हापासून अंबूताईंचाच शब्द. भाऊ पगार आणून देवापुढे ठेवी, आणि देव कुठला ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तरांनी मुलींचा वर्ग काढला तेव्हा पेठेत गहजब झाला. पोरींनी काष्टा मारून धावायचं, खोखो खेळायचा, लेझीम घ्यायची! कोणीतरी आखाड्याच्या दारावर शेण फेकलं. मास्तरांनी ते शांतपणे उचललं नि म्हणाले, "बरं झालं, सारवायला हवंच होतं." शेषगिरीला ते उत्तर एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्याने हेमावतीचं नाव घातलं. अंबूताईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी स्वतः आखाडा बघून आल्या आणि अबोला सोडला. सोडला तो एका दगडापायी.

त्याचं असं होतं. आखाड्यात मारुती. पोरीला अडचण आली की ती आत कशी येणार? घरी राहिली तर दुसऱ्या दिवशी काय सांगणार? मास्तरांनी तोडगा काढला होता. कुंपणाबाहेर चिंचेखाली एक बसका दगड ठेवला. ज्या मुलीला आत यायचं नसेल तिने काही बोलू नये, कोणी तिला विचारू नये. येऊन दगडावर बसावं, बाकीच्यांचा खेळ बघावा, घरी जावं. आणि मास्तर उभे राहायचे ती जागा अशी धरलेली की दगडाकडे त्यांची सदा पाठ. रुंद, सरळ, सदऱ्यात घट्ट बसलेली पाठ. पुढच्या एवढ्या वर्षांत ती एकदाही वळली नाही. पेठेतल्या आयांनी आपल्या मुली सोपवल्या त्या मास्तरांवर नव्हे, त्या पाठीवर.

हेमावती धावायला लागली आणि दोन वर्षांत तिच्या पुढे कोणी राहिलं नाही. उंच, काटक, पायात वारं भरलेलं. रेल्वेच्या मैदानावर तिने शर्यत जिंकली तेव्हा अंबूताई बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. शेजारची गोदावरी म्हणाली, "पोर आहे का हरीण गं बाई!" अंबूताई म्हणाल्या, "पोरच आहे. हरणाला माझ्या हातच्या भाकऱ्या कोण घालणार?" पण घरी आल्यावर त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. ज्या घरातून त्यांना त्या वयात गल्लीच्या टोकापर्यंत पाऊल टाकायची चोरी होती, त्याच घरातली पोर गावासमोर धावली होती.

घरात हेमावतीचा अडचणीचा कोपरा जिन्याखाली होता. एक तरट, एक तांब्या, एक वेगळं ताट. त्या दिवसांत अंबूताई दुरून ताट सरकवायच्या आणि सोवळ्यात असल्या तर लांबूनच बोलायच्या. त्या वर्षी नवरात्रात तरट निघालंच नाही. अंबूताईंना बरं वाटलं, नैवेद्याला हाताखाली माणूस मिळालं. दिवाळीत निघालं नाही. संक्रांतीला तीळ भाजता भाजता त्यांचा हात एकदम थांबला. तरटावर धूळ बसली होती.

त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"जिन्याखालचं तरट उंदरांनी खाल्लं का गं?"

हेमावती लाजली. "नाही, आत्या."

"मग तू बसत का नाहीस तिथं?"

"येतच नाही."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

अंबूताईंनी दाराला कडी घातली. त्यांच्या घराण्यात, त्यांच्या शेजारात, त्यांच्या उभ्या जन्मात पोरीचं हे थांबायला एकच कारण होतं. त्यांनी आवाज खाली आणला. ओरडल्या असत्या तर बरं, असा तो आवाज होता. "कोण आहे तो?"

हेमावतीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं. ती भिंतीला टेकली आणि काही बोलली नाही. न बोलण्याचा अंबूताईंनी वेगळाच अर्थ लावला.

अळणावरकडची जनाबाई सुईण बाजाराच्या दिवशी हुबळीत यायची. तिला मागच्या दाराने वर घेतलं. जनाबाईने पोरीला निजवलं, पोटावर हात फिरवला, डोळ्यांची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "अक्का, हिच्या पोटात काई न्हाई. अन्नबी न्हाई."

अंबूताईंनी पहिलं तेवढं ऐकलं. दुसरं ऐकायला त्या जाग्यावर होत्याच कुठे? त्या देवासमोर जाऊन बसल्या होत्या. जनाबाईला नवं कोरं खणाचं कापड दिलं आणि वर दम भरला, "तोंड उघडलंस तर अळणावरात येऊन उपटीन."

"अय्यव्वा, मी कशाला बोलू?" जनाबाई जिना उतरता उतरता म्हणाली. "पर पोरीला खायाला घाला, अक्का."

"माझ्या घरात कोणी उपाशी नसतं," अंबूताई ताठ होऊन म्हणाल्या, आणि दार लावलं.

त्या प्रकारानंतर हेमावती आत्याशी बोलेना. अंबूताईंना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी बेसनाचे लाडू केले. पोरीने हात लावला नाही. शेवटी एका संध्याकाळी वेणी घालून घेताना ती आपण होऊन म्हणाली, "मी मागून घेतलं होतं, आत्या."

"काय मागून घेतलंस?"

"मारुतीला म्हटलं, तुझे शनिवार धरते, सोमवारही धरते, तूप सोडते, मला दगडावर बसवू नकोस. सगळ्या पोरी बसतात. श्यामला बसते, सुलभा बसते. मी एकटीच बसत नाही. मास्तर परवा सगळ्यांसमोर म्हणाले, हेमावतीचा एक खाडा नाही, तिच्यावर मारुतीची कृपा आहे."

अंबूताईंच्या हातात वेणीचे केस राहिले होते, पुष्कळ राहिले होते. त्यांनी ते गुंडाळून खिडकीबाहेर टाकले. त्यांच्या मनात आलं, अगं बाई, असंही मागता येतं होय? आपल्या जन्मी कुणी सांगितलं नाही. कोवळ्या वयात विधवा झालेल्या बाईला ह्या विटाळाने काय दिलं होतं? दर महिन्याला आठवण, की तुझ्यापाशी सगळं आहे आणि तुला काही नाही. पोर त्यातून सुटली. देवानेच सोडवली. त्यांनी हेमावतीचं डोकं छातीशी धरलं, आणि त्या दिवसापासून चार बायकांत बसल्या की म्हणायच्या, "आमच्या हेमीला देव प्रसन्न आहे." कशाबद्दल ते सांगायच्या नाहीत. पण मान अशी वर करायच्या की ऐकणारीला आपल्या पोरीचं वाईट वाटावं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तर घरी आले. धारवाडला मोठ्या शर्यती होत्या, सप्तापूरकडच्या मैदानावर, बेळगाव-विजापूरच्या मुली येणार होत्या. शेषगिरीने त्यांना खुर्ची दिली. अंबूताई आतल्या दाराआड उभ्या राहिल्या.

"पाठवू की," त्या दाराआडून म्हणाल्या. "पण पोर वाळत चाललीय, मास्तर. गालफडं बसली. भात घेत नाही रात्रीचा."

"मीच बंद केलाय, ताई," मास्तर वहाणांकडे बघत म्हणाले. "हलकं अंगच धावतं."

"मग तुमच्या पैलवानांना बदाम कशाला? त्यांना भिजवून, वाटून, वर तूप. म्हशीसुद्धा लाजतील एवढं दूध."

शेषगिरी हसला. मास्तर हसले नाहीत. ते फार गंभीर माणूस होते. स्वतः एकवेळ जेवायचे, लग्न केलं नव्हतं, आई लहानपणीच गेलेली. आखाड्यात वाढले, वस्तादांच्या हाताखाली. बाईच्या शरीराची माहिती त्यांना देवळातल्या मूर्तीइतकी होती.

"पैलवानाला अंग कमवावं लागतं," ते म्हणाले. "मुलीचं अंग भरलं, की ते गावाच्या डोळ्यांत भरतं. परवा कोपऱ्यावरच्या टवाळांनी श्यामलेला शीळ घातली. तिची आई तिला काढून घ्यायला निघालीय. हेमावतीला कोणी शीळ घालत नाही, ताई. ती धावते तेव्हा लोक फक्त धावणं बघतात."

हे अंबूताईंना पटलं. खोटं कशाला बोला, फार पटलं. पोरीचा पुढचा मागचा भाग सपाट झाला होता, काष्ट्यात ती मुंज झालेल्या मुलासारखी दिसायची. लग्नाचं वय उलटून चाललेली मुलगी गावभर धावते आणि एक वावगा शब्द कानावर येत नाही, हे काय थोडं झालं?

मग हेमावतीच्या नडगीत दुखायला लागलं. वैशाखाच्या काहिलीत ती घोंगडी पांघरून निजायची. अंबूताई रोज आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप घालायच्या, आणि लेप लावताना बोट एका जागी आलं की पोर पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

"मास्तरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, दुखतं म्हणजे हाड तयार होतंय. आत्या, तू उगाच जाऊन काही बोलू नकोस हं. मला धारवाडला जायचंय. नाही गेले तर मी मरेन."

"मरायची भाषा माझ्यासमोर करू नकोस. मी ती खूप ऐकलीय."

तरी अंबूताई एकदा गेल्या. जनाबाईचं ते जिन्यातलं बोलणं कुठूनतरी वर यायला लागलं होतं. संध्याकाळची वेळ, वर्ग सुटलेला, मास्तर कुंपणाशी उभे. अंबूताई चिंचेखाली आल्या, अगदी दगडाशेजारी, आणि म्हणाल्या, "मास्तर, एक विचारायचं होतं. पोरीचं ते... बायकांचं जे असतं ना, ते तिचं..."

मास्तरांचे कान लाल झाले. सवयच ती. चिंचेखालून बाईचा आवाज आला तशी पाठ फिरली.

पेठेतल्या पुरुषांना चव्हाट्यावर नागवं करणारी ती जीभ टाळूला चिकटली. पुढे बोलायचं म्हणजे शब्द उच्चारायचा, परपुरुषासमोर, उघड्यावर. अंबूताईंना राग आला, आणि गंमत अशी की त्याच क्षणी त्यांना ते योग्यही वाटलं. सज्जन माणसाने पाठच फिरवायला हवी, नाही का? "काही नाही," त्या म्हणाल्या. "पायाला लेप लावतेय मी. तेवढं सांभाळा." आणि त्या घरी आल्या.

धारवाडच्या मैदानावर बायकांसाठी कनात लावली होती. अंबूताईंनी कनातीला बोट घालून भोक मोठं केलं आणि डोळा लावला. हेमावती सुटली. पहिल्या वळणाला ती पुढे होती, दुसऱ्या वळणाला एवढी पुढे की बाकीच्या पोरी वेगळी शर्यत धावताहेत असं वाटावं. लोक कानडीत ओरडत होते, मराठीत ओरडत होते. मग सरळ, सपाट, झाडून ठेवलेल्या जमिनीवर, कशालाही न अडखळता, तिचा पाय मोडला. आवाज कनातीपर्यंत आला. चुलीत घालायच्या आधी वाळकी काटकी मोडतो, तसा.

अंबूताई कनात फाडून धावल्या. आयुष्यात पहिल्यांदा धावल्या, हजार पुरुषांच्या देखत, बोडक्या डोक्यावरचा पदर पडलेला. हेमावती मातीत बसली होती, पाय भलतीकडे वळलेला. ती रडत नव्हती. नवलाने पायाकडे बघत होती.

"आत्या, मी पडले म्हणून मोडला नाही," ती म्हणाली. "आधी मोडला. मग पडले."

बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयस्कर, कानडी बोलणाऱ्या. त्यांनी पाय बघितला, मग पाय सोडून बाकी सगळं बघितलं. डोळे, जीभ, हातांवरची लव. बाहेरच्या बाकावर एका टोकाला मास्तर बसले होते, दुसऱ्या टोकाला अंबूताई, मध्ये शेषगिरी. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि कानडीत सरळ विचारलं, "ही शेवटची बाहेर कधी बसली होती?"

शेषगिरी उठून खिडकीशी गेला. मास्तरांनी वहाणांकडे बघितलं.

"गेल्या गणपतीच्या आधी," अंबूताई म्हणाल्या.

"म्हणजे दहा महिने होत आले. आणि कोणी काही केलं नाही?" बाई मास्तरांकडे वळल्या. "तुम्ही शिकवता तिला? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ते... ते माझ्या विचारण्यातलं नव्हे."

"टांगेवाला रोज सकाळी घोड्याची लीद बघतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला लाज वाटत नाही. घोडा जगायला हवा असतो त्याला." मग आवाज जरा उतरवून त्यांनी सांगितलं. अंगाला खायला पुरत नाही आणि राबवणं थांबत नाही, तेव्हा अंग आधी ते बंद करतं. ती पहिली हाक. ऐकली नाही, की मग ते हाडांतलं खायला लागतं. हिची हाडं आतून पोखरलीत. हे मोडलं ते दिसलं. बाकीची कशी आहेत ते देव जाणे.

"आणि तुम्ही?" त्यांनी अंबूताईंना विचारलं. "तुम्ही तर बाई आहात."

अंबूताईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "देवाने दिलं."

परतीच्या मोटारीत मास्तर पुढे बसले. हुबळी येईपर्यंत त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

पाय जुळला तो वाकडा जुळला आणि आखूड जुळला. हेमावती काखेत काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायची. अंबूताईंनी आता घरात वेगळंच राज्य सुरू केलं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी तूपभात, संध्याकाळी दूध, आणि पोर जेवेपर्यंत समोर बसून राहायचं. पोर जेवायची. कशालाच नाही म्हणत नव्हती. तिचे गाल भरले, वेणी पुन्हा हाताला लागायला लागली. एका सकाळी तिने काठी टेकत येऊन सांगितलं, "आत्या, तरट दे."

अंबूताईंना काय करू नि काय नको झालं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, शेषगिरीच्या हातावर ठेवली. कशाबद्दल, त्याने विचारलं नाही. जिन्याशी येऊन त्या म्हणाल्या, "सुटलो गं बाई. अंग परत आलं तुझं."

जिन्याखाली हेमावती गुडघ्यांत डोकं घालून हमसत होती. पाय मोडला त्या दिवशी ती अशी रडली नव्हती.

"अगं, रडतेस काय? चांगलं झालंय!"

"मारुतीने टाकलं मला," ती म्हणाली. "तेवढंच उरलं होतं, आत्या. वाटायचं, पाय नेला तरी ते ठेवलंय. म्हणजे अजून मी त्याची आहे. आता तेही नाही."

"वेडी आहेस का? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. त्या कधी धावल्यात?" तिने नाक पुसलं. मग एकदम शांतपणे म्हणाली, "श्यामला आली होती परवा. ती आता दगडावर बसत नाही. दोन महिने झाले. मास्तरांनी तिला पुढच्या वर्षी धारवाडला न्यायचं ठरवलंय."

अंबूताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "तिला कोणी सांगितलं हे मागायला?"

"मी शिकवलं," हेमावती म्हणाली. "शनिवार कसे धरायचे, सोमवार कसे धरायचे. तिने विचारलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वर्ग भरलेला असताना, अंबूताई आखाड्यावर गेल्या. आत नाही गेल्या. चिंचेखाली आल्या, अंगावरचं विधवेचं तांबडं अळवण सावरलं आणि त्या दगडावर बसल्या. त्यांची ती वर्षं कधीच सरली होती. पण मास्तरांनीच ठेवलेली गावातली ही एक जागा होती जिथे बसलेल्या बाईला काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि लाज धरावी लागत नाही. पोरी धावता धावता थांबल्या. मास्तरांनी शिट्टी ओठांशी नेली ती तशीच राहिली. पाठ दगडाकडेच होती.

"मास्तर," अंबूताई म्हणाल्या, "मी दगडावर बसलेय. तेव्हा वळू नका, पण ऐका." आणि त्यांनी सगळं सांगितलं. शब्द उच्चारून सांगितलं, आडपडदा न ठेवता, बाजारात भाव सांगावा तसं. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, जनाबाईचं सांगितलं, गणपतीपासूनचं सांगितलं. "तुमच्या दगडावर जी बसते ना, ती धड आहे. जी बसायची थांबते ती मरायला लागलीय. तिला कृपा म्हणू नका. तिला जेवायला घाला, चार महिने धावायला लावू नका, आणि विचारा. तोंडाने विचारा. तुम्हाला जमत नसेल तर मला रोज बोलवा, मी विचारीन. ही श्यामला बघा. नीट बघा तिच्याकडे. हिच्या हातांवरची लव बघा."

श्यामलेने हात पदराखाली घेतले. कोणी तरी मुलगी फिसकन हसली आणि मग रडायला लागली.

"मास्तर, वळा," अंबूताई म्हणाल्या. आवाज फाटला. "एकदा वळा हो. मी तुमच्या आईच्या वयाची आहे."

पाठ हलली नाही. नाही म्हणायला खांदे जरा खाली आले, आणि सदऱ्यावर घामाचा डाग पसरत गेला. मग मास्तर पोरींना म्हणाले, "आज पुरे." आणि मारुतीसमोरची पणती न लावताच आत निघून गेले.

गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं. पुढच्याच आठवड्यात व्यायामशाळेच्या मंडळींनी बैठक घेतली. अध्यक्ष म्हणाले, आम्ही पहिल्यापासून सांगत होतो, बायकांच्या जातीला धावणं सोसत नाही, आता तर बायकाच सांगायला लागल्या. मुलींचा वर्ग बंद झाला. श्यामलेच्या आईने घाईघाईने गदगचं स्थळ पक्कं केलं. चिंचेखालचा दगड परटाने नेला. मास्तर आता फक्त मुलांना शिकवतात. बदाम तेच, तूप तेच. रस्त्यात अंबूताई दिसल्या की ते आधीच कडेला होतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

बातमी शेषगिरीने घरी आणली. हेमावती कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही.

"मी धावणं बंद करा असं कुठे म्हटलं?" अंबूताई म्हणाल्या. "मी म्हटलं, खायला घाला. विचारा. एवढंच म्हटलं. शेषगिरी, तू जाऊन सांग त्यांना!"

"मी सांगितलं, अक्का. ते म्हणाले, दोन्ही एकच."

"एकच कसं?"

हेमावतीने परात बाजूला सारली. "मी एकटीच मोडले होते, आत्या," ती म्हणाली. "तू सगळ्यांना बसवलंस."

अंबूताईंनी परात पुढे ओढली आणि राहिलेली कणीक मळायला घेतली.

पुढच्या महिन्यात जिन्याखाली तरट पसरलं. ठरलेल्या दिवसाला, घड्याळासारखं. अंबूताईंनी ताट वाढलं, भातावर तूप जरा जास्तच घातलं, आणि दुरून सरकवलं. "हेमी, जेव गं," त्या म्हणाल्या. "गार होईल."

हेमावती भिंतीकडे तोंड करून बसली होती. काठी शेजारी आडवी पडलेली. तिची पाठ आता चांगली भरली होती, निरोगी, रुंद, सरळ.

"हेमी."

खाली दुकानात कोणीतरी कापड फाडत होतं. अंबूताई जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या, आणि समोर ती पाठ.